सण कुणाचा, सुटी कुणाची

नांदेडहून पूर्णेकडे निघालेल्या पॅसेंजरला लिंबगाव सोडल्यावर आणि पूर्णा जंक्शन यायच्या आधी चुडावा हे लहानसे स्टेशन लागते. डिसेंबरच्या शेवटी रुळांच्या दोन्ही अंगांना तुरी काढणीला आलेल्या असतात, हरभरा घाटे धरू लागलेला असतो आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचणीचा थोडा कापूस उरलेला असतो. त्या उरलेल्या कापसातून काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक दाढी तयार झाली, आणि या पुस्तकाचा विषय माझ्या मनात शिरला तो त्या दाढीपायी.

मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेने निरोप धाडला होता की उद्या मुलांना सांताक्लॉज करून पाठवा. लाल टोपी बाजारातून आणली होती. दाढी तेवढी राहिली. आईने ओट्यावर बसून मूठभर कापूस घेतला आणि त्यातली सरकी काढायला लागली. सरकी हाताने काढणे सोपे नसते. नखाने धरून ओढावी तर ती निम्मा कापूस घेऊन बाहेर येते. अर्धा तास तिचे ते काम चालले होते. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला डिंक लावून त्यावर तिने कापूस थापला आणि नातवाच्या हनुवटीला लावून पाहिला. एवढे सगळे झाल्यावर तिने विचारले, "आरं, पर हे देवाचं हाय का शाळंचं?"

तिला वाद घालायचा नव्हता. तिला हिशेब हवा होता. देवाचे असेल तर सकाळी अंघोळीशिवाय पोराला पाठवायचे नाही, घरात काही गोड करायचे, निदान हात तरी जोडायचे. शाळेचे असेल तर वीस रुपये हातावर ठेवले की काम संपले. मी म्हणालो, "शाळेचंच." ती हो म्हणाली; पण तिचे समाधान झाले नाही हे मला दिसले. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

नाताळ हा धार्मिक सण की निधर्मी सांस्कृतिक उत्सव, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्यावर ग्रंथ आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. तरी आईने तो जसा विचारला त्याहून नेमका मला कुठे आढळला नाही. म्हणून या प्रस्तावनेत तिचेच शब्द धरून पुढे जातो.

आधी 'नाताळ' हा शब्द पाहू. तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी जन्माचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. पाव, पाद्री, चावी, बटाटा ज्या गलबतांतून उतरले त्याच गलबतांतून हाही उतरला. म्हणजे मराठीत हा सण आला तो 'जन्म' एवढाच अर्थ घेऊन. रामाचा जन्म, कृष्णाचा जन्म आपण साजरा करतो, तसा हा एक जन्म. फक्त कुणाचा, ते शब्दात सांगितलेले नाही. ही रिकामी जागा पुढे फार महत्त्वाची ठरली.

समुद्राच्या वाटेने आलेला हा नाताळ गोव्यात आणि वसईत रुजला, आणि रुजताना त्याने इथली माती अंगाला लावून घेतली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली रायतूरला मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' छापले. आपली पुराणे सुटली, आता ऐकायचे काय, ही नवख्रिस्ती माणसांची अडचण त्याला कळली होती. ख्रिस्तजन्माची कथा त्यांना पुराणाच्या घाटात मिळाली. गोव्याच्या ख्रिस्ती घरात नाताळला नेवऱ्या होतात, त्या आपल्या करंज्याच. दोदोल, बेबिंक शेजारीपाजारी वाटले जातात. हे ताट पाहिले तर सण 'सांस्कृतिक' वाटेल. पण त्याच घरातली माणसे चोवीसच्या रात्री थंडीत चर्चला जातात, त्याआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळलेले असतात, आणि दारातल्या गोठ्याच्या देखाव्यात बाळ ठेवले जाते ते जन्माची घटका झाल्यावर.

आपल्या दख्खनच्या पठारावर ख्रिस्ती धर्माची जी वाट जास्त चालती झाली, ती मात्र वेगळी होती. ती बॉस्टनहून मुंबईमार्गे अहमदनगरला आणि स्कॉटलंडहून जालन्याला आली. इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते ती या विषयाची किल्ली आहे. ही मिशनरी मंडळी ज्या परंपरेतून आली होती, तिथे नाताळ हा सणच नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि तो १६८१ पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये तर पंचवीस डिसेंबरची सार्वजनिक सुटी मिळायला १९५८ साल उजाडले. बायबलात जन्माची तारीखच दिलेली नाही. पंचवीस डिसेंबरचा सर्वांत जुना पक्का उल्लेख सापडतो तो इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात. तेव्हा ज्याला ग्रंथात आधार नाही तो सण आम्ही का पाळावा, असे त्यांचे रोखठोक म्हणणे होते. नाताळ धार्मिक नाही, असे इतिहासात सर्वांत ठणकावून सांगितले ते नास्तिकांनी नव्हे. कट्टर धार्मिकांनी सांगितले. हे लक्षात घेतले की आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंचा आवाज थोडा खाली येतो.

अशा लोकांच्या हातून धर्म घेतलेल्या मराठी माणसांनी पुढे काय केले? नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी भजन, अभंग, कीर्तन हे आपले सगळे सामान बरोबर नेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ आला तो फराळासकट आला. करंजी, चकली, अनारसे, दारात चांदणीचा कंदील आणि ढोलकीवर गाणी. मिशनरींच्या मायदेशात जो सण सुना होता, त्याला इथल्या माणसांनी सणाचे रूप दिले, कारण ज्या देवाला सण नाही तो देव घरचा वाटत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने ठाऊक होते. जालना आणि चुडावा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. गाडीतला मधला प्रवास काही तासांचा, पण हा घरगुती नाताळ त्या मार्गाने आमच्या गल्लीपर्यंत आला नाही. आला तो टोपी घातलेला, शाळेतून.

आता शाळेची बाजू, म्हणजे सुटीची. तीही आपण समजतो त्याहून जुनी आहे. महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्यांची यादी काढते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या आधाराने, म्हणजे हुंड्या आणि धनादेशांच्या कायद्याने. बँक बंद असेल तर हुंडी वटणार कशी, एवढाच त्या कायद्याचा प्रश्न. त्याला देवाशी देणेघेणे नव्हते. इंग्रज साहेब नाताळात कचेरीला कुलूप लावत आणि वकिलांना आठवडाभर मोकळीक मिळे. त्या मोकळिकीत या देशाचे राजकारण घडले. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते २८ डिसेंबर १८८५ ला. सुरतेची फूट डिसेंबर १९०७ ची, नागपूरचे अधिवेशन डिसेंबर १९२० चे, आणि खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, फैजपूरचे, तेही डिसेंबर १९३६ चे. साहेबाचा सण आणि आपली सभा एकाच आठवड्यात. महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ती तारीख २५ डिसेंबर १९२७. मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्यांत आजही पंचवीस डिसेंबर म्हटले की आधी महाड आठवते. स्त्री संघटना तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. २०१४ पासून त्याच तारखेला सरकारी सुशासन दिन आहे आणि काही ठिकाणी तुळशीपूजनही होते. एका तारखेवर किती जणांनी पाट मांडलेत पाहा.

आमच्या गावापुरते सांगायचे तर हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. तेव्हा सरकारी कचेऱ्यांची आठवड्याची सुटी शुक्रवारी असे. रविवार आला तो नंतर. शुक्रवारची सुटी उपभोगणारे सगळे मुसलमान नव्हते आणि रविवारी घरी झोपणारे आपण सगळे ख्रिस्ती नाही. सुटी घेतली म्हणून धर्म घेतला असे होत नाही. पण म्हणून शुक्रवार नमाजाचा राहिला नाही किंवा रविवार उपासनेचा राहिला नाही, असेही कुणी म्हणत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपला प्रश्न उभा आहे.

ही जागा मोजण्याचा सर्वांत कष्टाचा प्रयत्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केला. तिथे सरकारला कोणत्याही धर्माची स्थापना करण्यास मनाई आहे, पण नाताळ मात्र १८७० पासून संघराज्याची सुटी आहे. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराने आपल्या नाताळच्या देखाव्यात ख्रिस्तजन्माचा गोठा मांडला. शेजारी सांताचे घर, घसरगाडी ओढणारी सांबरे, सजवलेले झाड असा सगळा बाजार होता. १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, चालेल. पाच वर्षांनी पिट्सबर्गच्या न्यायालय-इमारतीत मुख्य जिन्यावर नुसताच गोठा ठेवलेला होता. तेव्हा ते म्हणाले, चालणार नाही. थोडक्यात, बाळ येशू एकटा असेल तर तो धर्म आणि सांबरांच्या गर्दीत असेल तर संस्कृती. कायद्याच्या दृष्टीने हा तोडगा समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या घरचा तो देव आहे त्याने हा निकाल वाचला, तर त्याला काय वाटेल? आपल्या विठोबाला चौकात जागा मिळेल, पण दोन्ही बाजूंना शीतपेयाच्या जाहिराती लावल्या तरच, असे कुणी सांगितले तर आपल्याला काय वाटेल?

या गर्दीत जे झाकले जाते ते आमच्या भागातल्या माणसाला खरे तर पटकन कळण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नसल्याने त्या बाळाला गव्हाणीत ठेवले असे सांगितले आहे. शहरातल्या मुलाला गव्हाण समजावून सांगावी लागते. चुडाव्यात ती गोठ्यात असते. बैलांच्या माना घासून तिचे काठ गुळगुळीत झालेले असतात, तळाशी कडब्याचा चुरा साचलेला असतो, आणि पहाटे हात घातला तर जनावराच्या श्वासाने ती आतून ओलसर लागते. तिथे बाळंतिणीने आपले मूल ठेवले. का, तर माणसांच्या घरात त्यांना कुणी घेतले नाही. ही गोष्ट आमच्या आईला कुणी कधी सांगितलीच नव्हती. तिला दाखवली ती टोपी. गोष्ट सांगितली असती तर, मला खात्री आहे, तिने पहिला प्रश्न बाळंतिणीच्या शेकशेगडीचा केला असता.

आपल्याकडे असे मिसळीचे सण नवे नाहीत, म्हणून उत्तरही बाहेरून आणायची गरज नाही. लातूर-धाराशिवकडे आणि आसपासच्या भागात याच दिवसांत वेळअमावस्या येते. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाका मारून जेवायला बोलावणे. जेवायला आलेला शहरी मित्र पांडवांना हात जोडतो किंवा जोडत नाही. आंबील दोघांनाही मिळते. परभणीत फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. जिल्हाभरातून सगळ्या जातीधर्मांची माणसे जातात. कुणी चादर चढवते, कुणी नवस फेडते, कुणी पाळण्यात बसून, पोराला शिट्टी घेऊन परत येते. हा उरूस धार्मिक की सांस्कृतिक, असा परिसंवाद कुणी भरवल्याचे मी ऐकले नाही. कारण पाळण्यात बसणाऱ्यालाही दर्गा कुणाचा ते ठाऊक असते. शिट्टी घेणाऱ्याने दर्ग्याला नाकारलेले नसते आणि दर्ग्यानेही शिट्टीला हाकललेले नसते.

नाताळच्या बाबतीत हेच हुकले. पाळणा आला, शिट्टी आली, दर्गा कुठे आहे ते मात्र कुणी दाखवले नाही. त्याचा परिणाम दोन टोकांना दिसतो. एक म्हणतो, हा धर्मप्रचार आहे, शाळेत नको. दुसरा घाईने उत्तर देतो, यात धर्म कुठे आहे, मुलांची मजा आहे. दुसरा भला माणूस आहे, पण दोघांचे एका गोष्टीवर नकळत एकमत असते: धर्म असेल तर तो दाराबाहेर. ज्यांचा हा सण आहे त्यांना या भांडणात कुणी विचारतच नाही.

आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या थोडी आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. त्यातही नगर-जालन्याकडची पुष्कळ घरे दलित जातींतून आलेली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना जागा मिळाली; ख्रिस्ती झालेल्यांना मिळालेली नाही. अशा घरातल्या माणसाला 'हा सण तुझा का?' या प्रश्नाचे उत्तर देताना कागदपत्रांचा विचार करावा लागतो. आपण मजेत सांताची टोपी घालतो त्याच दिवशी कुणी आपला सण दार लोटून करत असू शकतो. धार्मिक की निधर्मी, ही चर्चा करण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. मराठवाड्याने या बाबतीत एक चांगला दिवस पाहिला आहे: जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. विरोध झाला होता. तरी वसईचा एक धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष म्हणून आमच्या भागात आला आणि आपला धर्म घरी ठेवून आला नाही.

पुढील पानांत या साऱ्याचा विस्तार आहे. तारीख कशी ठरली, झाड आणि चांदणी कुठून आली, मराठी घरांनी काय घेतले आणि काय आपल्या रीतीने बदलले, बाजाराने काय उचलले आणि शासनाने कुठे रेघ ओढली, याचा शोध त्यात आहे. वाचकाने एक मात्र आधीच ओळखून असावे. लिहिणारा ख्रिस्ती नाही. तो या सणाचा पाहुणा आहे. पाहुण्याने जेवणाचे कौतुक करावे, घराच्या मालकीवर निकाल देऊ नये, एवढे पथ्य मी पाळायचा प्रयत्न केला आहे.

तरीही आईला उत्तर देणे भाग होते. दोन-तीन वर्षांनी, पुन्हा एका डिसेंबरात, मी तिला म्हणालो, "आई, ते देवाचंच हाय. शाळेनं उसनं आणलंय." तिला हे लगेच पटले. उसन्याचा व्यवहार तिला कुणी शिकवावा लागत नाही. शेजारणीची वाटी आणली तर आपण ती वापरतो, घरची असल्यासारखी वापरतो, पण वाटी कुणाची हे विसरत नाही; आणि परत देताना ती रिकामी देत नाही, साखरेचे चार दाणे का होईना घालूनच देतो.

नाताळची वाटी आपल्याकडे बरीच वर्षे आहे. मुलांना टोपी जरूर घाला, केक आणा, कापसाची दाढी लावा. त्याबरोबर गव्हाणीची गोष्टही सांगा, आणि आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात ज्यांचा हा सण आहे असे एक तरी घर माहीत करून घ्या. येत्या पंचवीस डिसेंबरला त्या दारात जा, आणि जाताना हात रिकामा नेऊ नका.

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी